बाबांना वाळवंट दाखवताना

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागल्याचं मला इथे अमेरिकेत, शुगर लँडमध्ये, फोन सांगतो. बाहेर बघून कळायची काही सोय नाही. सप्टेंबर अर्धा सरला तरी हवा ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटलेली असते, लॉनवरचं गवत नळाच्या पाण्यावर हिरवंगार, आणि कावळ्यांच्या नावाने पार्किंग लॉटमध्ये लांब शेपटीचे काळे ग्रॅकल चिप्सच्या पिशव्या उचकटत हिंडतात. परवा सकाळी मीटिंग चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात एक ओळ आली, पितृपक्ष प्रारंभ. मी ती बोटाने बाजूला सारली. मग बराच वेळ कोण काय बोलतंय ते मला ऐकूच आलं नाही. नाकात कोरडी लाल धूळ गेल्यासारखं वाटलं आणि त्यामागोमाग लवंगेचा वास आला.

माझे बाबा उमरेडच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो चाळिशीत, आणि वाळवंट कधीच पाहिलं नाही. पण दर वर्षी 'वाऱ्याचे कार्य' हा धडा आला की ते रंगीत खडूंची पेटी घरून घेऊन जायचे आणि अख्खा फळा लाल करून टाकायचे. सपाट माथ्याचे ते डोंगर, मेसा आणि ब्यूट, ते पट्टी न लावता काढत. मेसा म्हणजे टेबल आणि ब्यूट म्हणजे त्याच टेबलाचा शेवटी उरलेला पाय, असं सांगत. मी त्यांच्याच वर्गात होतो. पेटीतला लाल खडू सगळ्यात आधी संपायचा आणि बाबांच्या सदऱ्याची बाही दोन धुण्यांपर्यंत लालसर राहायची. आई त्यावरून कटकट करायची, आणि परीक्षेत त्या धड्यावर जेमतेम एक टीप लिहायला यायची.

सहलीला नेलं की त्यांचा एकच नियम असे. ज्याची जमीन आहे त्याला विचारल्याशिवाय तिथला दगडसुद्धा उचलायचा नाही. एकदा संत्र्याच्या एका बागेच्या बांधावरून मी एक गारगोटी खिशात घातली होती. बाबांनी एसटी थांबवून ठेवली, मला एकट्याला खाली उतरवलं, आणि बागवाल्याला ती परत देऊन माफी मागून ये म्हणाले. सगळा वर्ग खिडक्यांतून बघत होता. बागवाला हसला, वर त्याने मला दोन संत्री दिली. तीही बाबांनी वर्गात वाटायला लावली.

ते पहिल्यांदा अमेरिकेत आले तेव्हा विमानतळावरून घरी येताना त्यांनी मला एवढंच विचारलं, की ते मेसावाले डोंगर इथून किती लांब पडतात. मी म्हणालो, जाऊ की आपण, फ्लाइटने जाऊ. त्या खेपेला ऐन वेळी आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज पुढे गेलं आणि मी ट्रिप कॅन्सल केली. दुसऱ्या खेपेला माझं व्हिसा एक्स्टेन्शन अडकलं होतं, नवीन मॅनेजर होता, रजा मागायची माझी छाती झाली नाही. तिसऱ्या खेपेला मी खरंच सगळं बुक केलं. नवाहो या तिथल्या मूळ आदिवासी लोकांच्या प्रदेशातली दिवसभराची टूर, वाळवंट, त्यांची घरं, त्यांचं जेवण, सोबत तिथलाच गाइड. आदल्या आठवड्यात टीममधल्या दोघांना काढून टाकलं आणि त्यांचा ऑन-कॉल, म्हणजे रात्रंदिवस फोनवर हजर राहायचं काम, माझ्या गळ्यात आला. बाबा हॉलमध्ये टूरचं पत्रक चष्मा लावून वाचत बसले होते. मी कसंबसं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, दगड कुठे पळून जातात? कोट्यवधी वर्षं थांबलेत, अजून एक वर्ष थांबतील." हे ते मला समजावायला म्हणाले. मी ते परवानगीसारखं घेतलं. त्यानंतर दोन महिन्यांनी, फेब्रुवारीत, ते आमच्या पाहुण्यांच्या खोलीत झोपेतच गेले.

दहन इथेच झालं. बहीण येऊन अस्थी घेऊन गेली, तिकडे सगळं रीतसर केलं. चिमूटभर मी मागे ठेवल्या. बाबा जेवणानंतर तोंडात टाकायला लवंगा ठेवायचे ती स्टीलची छोटी डबी होती, तिच्यात. कितीही पुसली तरी तिचा वास जात नव्हता. दीड वर्ष ती माझ्या टेबलाच्या खणात पडून होती, आणि खण उघडला की मी पेन काढून तो लगेच बंद करायचो. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ना, तसं गेल्या वर्षी आई राहायला आली तेव्हा मी ठरवलं की आता तरी बाबांना तिथे न्यायचं. मी तीच टूर पुन्हा बुक केली. आई म्हणाली, पितृपक्षातच पडतंय, चांगलंच आहे. दिवसाच्या शेवटी कुठल्याशा कड्यावरून सूर्यास्त दाखवतात, तिथे ती डबी रिकामी करायची असं माझ्या मनात होतं.

माझी मुलगी इरा चौदा वर्षांची आहे. तिची आणि तिच्या आईची शाळा-नोकरी असल्यामुळे त्या दोघी येणार नव्हत्या. पण इराने त्या टूरची माहिती माझ्याआधी नीट वाचली. रात्रीच्या जेवणाला तिने मला सांगितलं, की नवाहो लोक मेलेल्या माणसाच्या वस्तूंपासून लांब राहतात, नावसुद्धा घेत नाहीत, घरात कुणी गेलं तर ते घर सोडून देणारेही असतात. अस्थी बरोबर नेणं त्यांना फार वाईट वाटेल. मी म्हणालो, आपण कुणाला काही सांगणार नाही, कुणाला काही कळणार नाही, आपण आजोबांना फक्त फिरवून आणतोय. तिने काटा खाली ठेवला. "डिड यू आस्क देम?"

मी म्हणालो, "विचारलं तर नाही म्हणतील." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते मला कळलं. तरी मी पोळीचा पुढचा घास घेतला.

आमच्या गाइडचं नाव हॅरिसन. साठीचा, जाडजूड, कडेने विरलेली टोपी, आणि बोलणं इतकं हळू की आई त्याच्याकडे झुकून ऐकायची. त्याने हात मिळवला तेव्हा दाबला नाही, नुसता माझ्या हातात ठेवला. मग उंच चाकांच्या व्हॅनशी उभ्या उभ्याच त्याने आपली ओळख करून दिली. आधी आईचं कुळ, मग वडिलांचं, मग दोन्हीकडच्या आजोबांचं. आईला हे फारच आवडलं. "सोयरीक जुळवायला आल्यासारखं सांगतात की हे भाऊ," ती म्हणाली. मी ते भाषांतर करून सांगितल्यावर तो हसला आणि त्याने आमचं विचारलं. मी आईचं माहेर सांगितलं, गोत्र सांगितलं, ते काय असतं तेही सांगितलं. वडील कुठले, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, ते आता नाहीत. त्याने मान हलवली आणि पुढे काहीच विचारलं नाही, नावसुद्धा नाही. का नाही, ते मला ठाऊक होतं. खांद्यावरच्या बॅगेत डबी होती. सांगायचं असतं तर तीच वेळ होती, व्हॅन अजून सुरूसुद्धा झाली नव्हती.

आम्ही दोघंच प्रवासी होतो. मी बॅग मधल्या रांगेत खिडकीशी ठेवली आणि तिला सीटबेल्ट लावला.

ती सकाळ मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही, कारण ती फार सुंदर होती. उन्हं तिरपी होती आणि ते डोंगर खरंच तसेच होते, फळ्यावर होते तसे, फक्त कडेला खडूची भुकटी नव्हती. टेबलं आणि टेबलांचे पाय. रस्ता म्हणजे नुसती लाल माती, व्हॅन डुलत होती, उघड्या खिडक्यांतून धूळ आणि कसल्याशा कडवट झुडपांचा वास येत होता. लांब क्षितिजावर एका ढगाखाली पाऊस लोंबत होता आणि जमिनीला टेकायच्या आतच विरत होता. हॅरिसन म्हणाला, आमच्यात पावसाचेही नर आणि मादी असतात. आदळत येतो तो नर, माती हळूहळू भिजवत राहते ती मादी. गाडी थांबे तिथे तो बोट न दाखवता ओठांनी दिशा दाखवायचा आणि एकच सूचना द्यायचा, की इथलं काही उचलू नका, खडासुद्धा नको. आईने माझ्याकडे पाहिलं आणि ती ओठ दाबून हसली. आम्हा दोघांना एकच माणूस आठवला होता.

एका म्हाताऱ्या बाईंच्या हॉगनमध्ये त्याने आम्हाला नेलं. हॉगन म्हणजे लाकडं रचून वरून मातीने लिंपलेलं त्यांचं गोल घर, दार पूर्वेला. आत शिरल्यावर डावीकडून उजवीकडे, सूर्य जातो तसं फिरायचं असतं. हॅरिसन ते समजावून सांगायच्या आत आई प्रदक्षिणेला निघाल्यासारखी बरोबर त्याच बाजूने चालू लागली. त्या बाई मागावरचा हात थांबवून आईकडे बघून काहीतरी म्हणाल्या, आणि हॅरिसन म्हणाला की तुमच्या आईंना इथे शिकवायचं काही उरलेलं नाही. आईने त्याला विचारलं, तुमच्याकडे गोष्टी सांगतात का. तो म्हणाला, पुष्कळ सांगतात, पण काही गोष्टी फक्त हिवाळ्यात, साप झोपले की. आई म्हणाली, आमच्या चातुर्मासाच्या कहाण्याही अशाच, त्यांचे महिने ठरलेले. मी मधे बसून दोन्हीकडची भाषांतरं करत होतो. इतक्या वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मला वाटलं, बाबा ऐकतायत. त्या क्षणी मला खरोखरच वाटलं की झालं, फिटलं सगळं.

दुपारी एका कड्याच्या सावलीत हॅरिसनने जेवण मांडलं. तळलेली मोठी फुगीर पोळी, वर उकडलेले बीन्स. एवढ्या आकाराची पुरी आजवर कुणी पाहिली नसेल असं म्हणत आईने एक तुकडा मोडला, त्यावर बीन्स ठेवले, आणि खाण्याआधी उठून दहा पावलांवरच्या सपाट दगडावर नेऊन ठेवला. भोवती बाटलीतलं पाणी फिरवलं, हात जोडले. कुठून आला कोण जाणे, एक मोठा काळाकुट्ट डोमकावळा उतरला आणि तो तुकडा घेऊन गेला. आईचे डोळे भरून आले. "शिवला बघ लगेच," ती म्हणाली. तिथे रोज टुरिस्ट जेवतात, तो कावळा कुणाच्याही हातचं खात असणार, हे मला दिसत होतं.

हे कुणासाठी, असं हॅरिसनने विचारलं. मी म्हणालो, पूर्वजांसाठी, या पंधरवड्यात आमच्यात घास काढून ठेवतात. त्याने मान डोलावली, चांगली रीत आहे म्हणाला. त्याच्या त्या मान डोलावण्याने आईला धीर आला. माझ्या भाषांतराची वाट न बघता तिने व्हॅनच्या खिडकीकडे हात केला आणि तिच्या इंग्रजीत सांगितलं, "माय हसबंड. टीचर. ही इज देअर, इन द बॅग. ही लव्ड युवर माउंटन."

हॅरिसनने ताटली खाली ठेवली. तो उठून लांब एका झुडपापाशी आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. परत आला तेव्हा त्याचा आवाज होता तितकाच हळू होता. सकाळपासून बॅग तिथेच आहे का, हे त्याने आधी विचारलं. मी हो म्हणालो. मग त्याने विचारलं, "आमच्यात हे चालत नाही, तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही."

चूक मी शुगर लँडमधून निघतानाच केली होती, तिला कारणं होती, ती मी आजही देऊ शकेन. पण या 'नाही'ला काहीच कारण नव्हतं. समोरचा माणूस रागावलेलासुद्धा नव्हता.

त्याने सगळं नीट सांगितलं. सगळेच नवाहो पाळतात असं नाही, पण त्याच्या घरी पाळतात. घरी मुलीचं तीन महिन्यांचं बाळ आहे, त्यामुळे आज तो घरी जाणार नाही. जाणत्या माणसाला बोलवावं लागेल, प्रार्थना होतील, व्हॅनला धुरी द्यावी लागेल, काही दिवस जातील. हे सगळं तो आईकडे बघून बोलत होता आणि मी भाषांतर करत होतो, वाक्यामागून वाक्य. आईने हात जोडले. तो म्हणाला, तुमचा दोष नाही. माझ्याबद्दल तो काही बोलला नाही.

टूर तिथेच संपली. पुढचा अर्धा भाग, जिथे तो सगळ्यात मोठा मेसा आहे म्हणे, तो आम्ही पाहिलाच नाही. त्याने मला बॅग मांडीवर घेऊन अगदी मागच्या सीटवर बसायला सांगितलं आणि सगळ्या काचा खाली केल्या. आईने पदराने नाक झाकलं होतं. वाटेत पाऊस लागला, अगदी हलका, आवाज न करता पडणारा. सकाळी त्याने आम्हाला शिकवला होता तोच. डबी मांडीवर धरून मी तासभर लाल चिखलाचे शिंतोडे खात बसलो होतो. बाबांच्या नावाने मी हे सगळं केलं, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. ते खोटं होतं. मला हलकं व्हायचं होतं. तीन वेळा माझ्या सोयीसाठी मी बाबांना थांबवलं, आणि चौथ्या वेळी माझ्याच सोयीसाठी एका परक्या माणसाच्या दारात मृत्यू नेऊन ठेवला.

पार्किंगमध्ये उतरल्यावर त्याने हात पुढे केला नाही. थोडा वेळ टोपी हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "तुमचे वडील चालत आले असते तर मी त्यांना दिवसभर हिंडवलं असतं. मास्तर लोकांना मी पुढच्या सीटवर बसवतो."

मी भाषांतर केलं नाही. आईला तेवढं इंग्रजी येत होतं.

मोटेलवर गेल्यावर मी आईला सांगून टाकलं की मला आधीपासून माहीत होतं, इराने सांगितलं होतं. ती केस विंचरत होती. तिने फणी खाली ठेवली नाही, की माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त म्हणाली, "हे असते तर तुला परत पाठवलं असतं." दुसऱ्या दिवशी सकाळी मी टूरच्या ऑफिसात फोन केला. एका मुलीने सांगितलं की हॅरिसन काही दिवस कामावर नाही, निरोप आहे का. मी म्हणालो, नाही, काही नाही. आजपर्यंत मी पुन्हा फोन केलेला नाही. कधी कधी हापिसातून येताना सिग्नलला थांबलो की ते बाळ आता केवढं झालं असेल, हा विचार येतो. ते नीट असेल ना, हा त्याच्या पुढचा विचार, आणि तो आला की मी रेडिओ मोठा करतो.

आई दिवाळीआधी नागपूरला परत गेली. जाताना ती डबी मागून घेऊन गेली. मी म्हणालो, मी येतो मार्चमध्ये, आपण दोघं मिळून नीट करू. ती बरं म्हणाली. मार्चमध्ये काय झालं ते आता आठवत नाही, पण काहीतरी झालं. एप्रिलमध्येही झालं. यंदा तिला इकडे ये म्हणालो, तर गुडघे दुखतात म्हणाली.

परवा ती स्क्रीनवरची ओळ बाजूला सारली, त्या संध्याकाळी मी तिला फोन केला. तिकडे सकाळ होती, मागे कुकरची शिट्टी वाजत होती. मी म्हणालो, डिसेंबरमध्ये नक्की येतो, तिकीट बघतोच आहे, त्या डबीचं तेव्हा करून टाकू. ती म्हणाली, ते झालं रे, चैत्रातच. शेजारच्या मुलीला बरोबर घेऊन मी आंभोऱ्याला जाऊन आले, संगमावर. पाणी कमी होतं, पण झालं व्यवस्थित.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस.

तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला. तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता.

"सांगितलं असतं तर तू येतो म्हणाला असतास. मग मलाही वाट बघत बसावं लागलं असतं."